चुना मूलद्रव्य होता तेव्हा

१७८९ साली पॅरिसमध्ये आंत्वान लाव्होझिए यांचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ३३ मूलद्रव्यांची एक यादी आहे. ऑक्सिजन, हायड्रोजन, गंधक, सोने, तांबे, कथील ही आजही ओळखीची वाटणारी नावे तिच्यात आहेत. मात्र यादीच्या माथ्यावर प्रकाश आणि उष्णता आहेत, आणि तळाच्या गटात चुना आहे. चुना म्हणजे चुनखडी भट्टीत भाजल्यावर उरते ती चुनकळी. ती पाण्यात विरवली की भिंतीला आणि विड्याच्या पानाला लावायचा चुना तयार होतो. चुनकळी हे कॅल्शियम आणि ऑक्सिजन यांचे संयुग आहे, हे आज शाळेतली मुलेही सांगतात. मग त्या काळातल्या सर्वांत काटेकोर रसायनशास्त्रज्ञाने तिला मूलद्रव्यांत का बसवले?

कारण ती फुटत नव्हती. चुनखडी तापवली की तिच्यातून वायू निघून जातो आणि चुनकळी मागे राहते. ती चुनकळी मात्र त्या काळातल्या कोणत्याही भट्टीला दाद देत नव्हती. ती वितळायलाच सुमारे २,६०० अंश सेल्सियस तापमान लागते. लोखंडाचा खनिज दगड कोळशाबरोबर तापवला की लोखंड सुटे होते, तसे चुन्यातून काहीच सुटे होत नव्हते. लाव्होझिए यांची व्याख्या सरळ होती. पदार्थ फोडण्याची आपली साधने जिथे थांबतात, तिथे हाती उरेल ते मूलद्रव्य. पुढे कोणी ते फोडून दाखवले, तर त्याचे नाव यादीतून काढायचे. त्यांना शंकाही होत्या. सोडा आणि पोटॅश यांच्याबद्दलची शंका इतकी दाट होती की त्यांना त्यांनी यादीत घेतलेच नाही. चुन्याला घेतले, पण तो एखाद्या धातूचे ऑक्साइड असू शकेल असेही लिहून ठेवले. शास्त्रज्ञाने आपल्या ज्ञानाची हद्द इतकी स्पष्ट आखून द्यावी, हे मला त्या यादीतल्या बरोबर उत्तरांपेक्षाही मोलाचे वाटते.

शाळेत आपण ही गोष्ट उलट्या क्रमाने शिकतो. आधी फळ्यावर अणू येतो: मधोमध केंद्रक, भोवती वर्तुळे, वर्तुळांवर इलेक्ट्रॉनचे ठिपके. मग एकाच प्रकारच्या अणूंचे बनलेले ते मूलद्रव्य, वेगवेगळ्या मूलद्रव्यांचे अणू ठरावीक प्रमाणात जोडले गेले की संयुग, आणि नुसते एकत्र आले की मिश्रण. व्याख्या चोख आहेत. पण या वर्गवारीचा मोठा भाग, अणूच्या आत काय आहे याचा मागमूसही नसताना, तराजू, भट्टी आणि बॅटरी यांच्या जोरावर उभा राहिला. अणूचे अंतरंग शंभर वर्षांनी कळले. त्याने जुनी वर्गवारी मोडली नाही, तिच्यामागची कारणे दिली. ती कारणेही दोन वेगळ्या जागी सापडली: काही अणूच्या केंद्रात, काही त्याच्या अगदी बाहेरच्या काठावर. या प्रकरणात आपल्याला त्या दोन जागांपर्यंत पोहोचायचे आहे.

पदार्थ कशाचे बनले आहेत हा प्रश्न फार जुना आहे. युरोपात पृथ्वी, आप, तेज आणि वायू या चार तत्त्वांचा विचार दोन हजार वर्षे टिकला. आपल्याकडे पंचमहाभूते होती, आणि कणादांच्या वैशेषिक दर्शनात परमाणूही होते. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक, आणि त्र्यणुक म्हणजे उन्हाच्या तिरिपेत तरंगताना दिसणारा कण, अशी त्या दर्शनाची मांडणी आहे. तर्क म्हणून ती अतिशय देखणी आहे. वस्तूचे तुकडे करत गेलो तर कुठेतरी थांबावे लागेल, नाहीतर मेरू पर्वत आणि मोहरी यांच्यात फरक कसा राहील, हा त्या परंपरेतला युक्तिवाद आजही विचार करायला लावतो. पण त्या परमाणूचे वजन कोणी करून पाहिले नव्हते, आणि आधुनिक रसायनशास्त्र नेमके वजन करण्यापासून सुरू झाले.

लाव्होझिए यांचे हत्यार तराजू होते. पाणी हे मूलतत्त्व नाही, हे त्यांनी त्याच हत्याराने पटवले. हेन्री कॅव्हेंडिश यांनी इंग्लंडमध्ये हायड्रोजन जाळून पाणी मिळवले होते. लाव्होझिए यांनी ते पुन्हा करून पाहिले, आणि मग उलट दिशेनेही गेले. लालभडक तापवलेल्या लोखंडी नळीतून त्यांनी पाण्याची वाफ सोडली. दुसऱ्या टोकाने हायड्रोजन बाहेर पडला आणि आतल्या लोखंडाचे वजन वाढले, कारण पाण्यातला ऑक्सिजन त्याने धरून ठेवला होता. पदार्थ फोडायचा, तुकड्यांचे वजन करायचे, ते जोडून मूळ पदार्थ परत मिळवायचा, आणि दोन्ही वेळचा हिशेब जुळवायचा. दोन हजार वर्षे मानलेले एक तत्त्व अशा हिशेबाने निकालात निघाले. लाव्होझिए सरकारसाठी कर गोळा करणाऱ्या कंपनीतले भागीदारही होते. त्यावरून झालेल्या आरोपाखाली ८ मे १७९४ रोजी राज्यक्रांतीच्या न्यायासनाने त्यांचा शिरच्छेद करवला.

चुना फोडणारे साधन त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी आले. १८०० साली व्होल्टा यांनी बॅटरीची माहिती जाहीर केली, आणि काही आठवड्यांतच निकल्सन आणि कार्लाइल यांनी लंडनमध्ये विजेने पाणी फोडले. भट्टी जे करू शकत नव्हती ते वीज करू शकेल, हे ओळखले हम्फ्री डेव्ही यांनी. ऑक्टोबर १८०७ मध्ये, लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, त्यांनी किंचित ओलसर पोटॅशमधून जोरदार वीज सोडली. वीजवाहक टोकाशी पाऱ्यासारखे चकाकणारे बारीक थेंब दिसू लागले. त्यातले काही तिथल्या तिथे पेट घेत होते. डेव्ही तेव्हा २८ वर्षांचे होते. त्यांच्या हाताखाली काम करणारा चुलतभाऊ सांगतो, ते आनंदाने खोलीभर नाचले. पोटॅशियम सापडले होते. काही दिवसांत सोडियम सापडले, आणि १८०८ मध्ये चुन्याची पाळी आली. चुन्यात पाऱ्याचे संयुग मिसळून विजेने कॅल्शियम पाऱ्यात उतरवायचे आणि मग पारा उडवून लावायचा, अशा वाटेने तो फुटला. त्याच वर्षी मॅग्नेशियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हेही धातू मिळाले. चुना यादीतून गेला, कॅल्शियम आले.

या शोधाने आणखी एक प्रश्न उभा केला, आणि तो वर्गवारीच्या दृष्टीने फार मजेचा आहे. धातू जड असतो, हे तोवर गृहीतच होते. पोटॅशियम पाण्यावर तरंगते आणि सुरीने कापता येते. मग त्याला धातू म्हणायचे का? डेव्ही म्हणाले, म्हणायचे. चकाकी आहे, वीज वाहते, उष्णता वाहते, ऑक्सिजनशी इतर धातूंसारखेच वागते. जडपणा हा गुण धातूच्या ओळखीतून वगळावा लागला. १८१० साली त्यांनी अशीच दुसरी समजूत मोडली. प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतो असे लाव्होझिए मानत. मिठापासून मिळणाऱ्या आम्लातून शेले यांनी १७७४ मध्ये काढलेला हिरवट पिवळा वायू म्हणूनच ऑक्सिजनचे संयुग समजला जाई. डेव्ही यांनी तो वायू तापलेल्या कोळशावरून नेला, अनेक उपाय केले, तरी ऑक्सिजनचा कणही मिळाला नाही. तेव्हा त्यांनी जाहीर केले की हे मूलद्रव्यच आहे, आणि त्याला क्लोरीन हे नाव दिले. आम्लाची ओळख ऑक्सिजनमध्ये नसून हायड्रोजनमध्ये शोधायला हवी, या विचाराची वाट तिथून मोकळी झाली.

आता संयुग आणि मिश्रण यांच्याकडे वळू. या दोघांतली सीमारेषा सहजासहजी आखली गेलेली नाही. तिच्यासाठी दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ कित्येक वर्षे वाद घालत होते. स्पेनमध्ये काम करणारे जोसेफ प्रूस्त म्हणत, संयुगातल्या घटकांचे प्रमाण ठरलेले असते. खाणीत सापडलेले तांब्याचे कार्बोनेट घ्या किंवा प्रयोगशाळेत तयार केलेले घ्या, वजनाचे प्रमाण तेच येते. क्लोद बर्थोले यांना हे मान्य नव्हते. तापमान आणि घटकांचे प्रमाण बदलले की संयुगाची घडणही थोडीफार सरकत असणार, असे त्यांचे म्हणणे होते. बर्थोले सामान्य माणूस नव्हते. नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले असताना तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा बनताना त्यांनी पाहिला होता. प्रयोगशाळेत नेमकी याच्या उलट क्रिया घडते. परिस्थिती बदलली की रासायनिक क्रियेची दिशाही बदलते हे त्यांचे निरीक्षण अगदी बरोबर होते. पण प्रूस्त एकेक पदार्थ घेऊन वजने दाखवत गेले. कथलाची ऑक्साइडे मोजून त्यांनी सिद्ध केले की ती दोनच आहेत आणि दोन्हींची घडण पक्की आहे, मधल्या पायऱ्या नाहीत. बर्थोले यांचे जे नमुने प्रमाण बदलणारे वाटत होते, त्यांतले बरेच नमुने मिश्रणे निघाले. या वादातून संयुग आणि मिश्रण हे दोन शब्द पक्के झाले.

कल्हईवाल्याचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे तिन्ही वर्ग एका जागी पाहायला मिळाले आहेत. पितळेचे पातेले भात्याच्या निखाऱ्यांवर तापते. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचे मिश्रण. जस्त कमी घातले तर रंग तांबूस, वाढवले तर पिवळा, आणि दोन्ही वेळा ते पितळच असते. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उसळतो. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, पक्के संयुग. उष्णतेने त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड सुटे होतात, आणि ते भांड्यावरचा ऑक्साइडचा थर खाऊन धातू उघडा करतात. मग येते कथील, मूलद्रव्य. ते २३२ अंशांना वितळते, आणि कापडाच्या बोळ्याने फिरवले की भांड्याच्या आतल्या बाजूला चांदीसारखे पसरते. पुढे त्या भांड्यात चिंचेचे सार उकळले तरी तांबे अन्नात उतरत नाही. पितळेत तांबे आणि जस्त यांचे प्रमाण कारागिराच्या मर्जीवर आहे. नवसागरातले प्रमाण कोणाच्याही मर्जीवर नाही.

हे प्रमाण ठरलेले का असावे? मँचेस्टरमधले शिक्षक जॉन डाल्टन यांनी १८०३ ते १८०८ या काळात त्याचे उत्तर दिले. प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखे आणि त्यांचे वजन ठरलेले असेल, आणि ते पूर्ण संख्येने जोडले जात असतील, तर प्रमाण ठरलेले येणारच. कार्बनच्या दोन ऑक्साइडांपैकी एकात १२ ग्रॅम कार्बनमागे १६ ग्रॅम ऑक्सिजन असतो, दुसऱ्यात ३२ ग्रॅम. बरोबर दुप्पट. अर्धा अणू जोडता येत नाही, म्हणून मधली संख्या येत नाही. डाल्टन यांचे काही आकडे चुकले. पाण्यात हायड्रोजनचा एकच अणू आहे असे ते धरून चालले, त्यामुळे ऑक्सिजनचे वजन निम्म्याहून कमी आले. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली. तिथे कानित्झारो यांनी आव्होगाद्रो यांच्या जुन्या कल्पनेच्या आधारे अणूंची वजने नीट कशी काढायची ते समजावले. त्या सभेला २६ वर्षांचे दिमित्री मेंडेलीव्ह हजर होते.

दरम्यान मूलद्रव्य ओळखण्याचे आणखी एक साधन आले: प्रकाश. तापलेल्या प्रत्येक मूलद्रव्याच्या ज्योतीचा वर्णपट वेगळा असतो आणि त्यातल्या रेषांवरून ते ओळखता येते, हे बुन्सेन आणि किरखॉफ यांनी १८५९-६० मध्ये दाखवले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात जान्सेन यांनी आंध्रातल्या गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या ज्वालांचा वर्णपट तपासला. त्याच वर्षी इंग्लंडमधून नॉर्मन लॉकियर यांनी ग्रहणाशिवायच त्या ज्वाला पाहिल्या. वर्णपटात एक पिवळी रेषा होती, आणि ती सोडियमच्या जागी बसत नव्हती. हेच हेलियम. पृथ्वीवर ते रॅम्से यांना १८९५ मध्ये युरेनियमच्या खनिजात सापडले. हेलियमचा शोध विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असे कोकणात अनेकदा सांगितले जाते. लॉकियर विजयदुर्गला आले ते २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण पाहायला, शोधानंतर जवळपास तीस वर्षांनी. सूर्याचे इतके मोठे अभ्यासक दुर्बिणी घेऊन त्या किल्ल्यावर उतरले होते, ही खरी घटना किल्ल्याच्या अभिमानाला पुरेशी आहे.

१८६९ मध्ये मेंडेलीव्ह यांनी तोवर माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये अणुवस्तुमानाच्या क्रमाने मांडली आणि गुणधर्म ठरावीक अंतराने पुन्हा येतात हे दाखवले. जिथे साखळी तुटत होती तिथे त्यांनी जागा मोकळ्या सोडल्या. ॲल्युमिनियमच्या खालच्या रिकाम्या जागेवरचे मूलद्रव्य १८७५ मध्ये ब्वाबोद्रां यांना सापडले, ते गॅलियम. त्याची घनता त्यांनी ४.७ मोजली. मेंडेलीव्ह यांनी कळवले की ती ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना अधिक शुद्ध करून पाहावा. तसे केल्यावर ५.९ आली. ज्याने धातू पाहिलेलाही नाही त्याने, धातू हातात असलेल्याला अचूक सांगितले.

तरीही सारणीत एक खोड राहिली होती. टेल्युरियमचे अणुवस्तुमान आयोडीनहून जास्त आहे, पण गुणधर्म पाहता टेल्युरियम आधीच यायला हवे. मेंडेलीव्ह यांनी वजनाचा नियम बाजूला ठेवून गुणधर्मांचे ऐकले. कोबाल्ट आणि निकेल यांचे तेच, आणि नंतर सापडलेल्या अरगॉनचे पोटॅशियमशी तेच. मूलद्रव्याची खरी ओळख वजन नाही, हे दिसत होते. मग ती काय आहे, हे सांगायला अणू उघडावा लागणार होता.

१८९७ मध्ये केंब्रिजला जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन दाखवला: ऋणप्रभारित, आणि हायड्रोजनच्या अणूच्या सुमारे अठराशेव्या भागाइतका हलका. अणूला तुकडे असतात हे कळले. मग मँचेस्टरमध्ये अर्नेस्ट रूदरफोर्ड यांच्या हाताखाली गायगर आणि वीस वर्षांचा विद्यार्थी मार्सडेन अंधाऱ्या खोलीत बसून सोन्याच्या पातळ पत्र्यावर आपटणारे अल्फा कण मोजू लागले. पडद्यावरची एकेक ठिणगी सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी टिपायची, असे ते काम. बहुतेक कण आरपार गेले. हजारोंतला एखादा मात्र उलटा मागे आला. धनप्रभार अणूभर पसरलेला असता तर असे घडलेच नसते. तो सगळा एका बिंदूइतक्या जागेत कोंबलेला असला पाहिजे, हा निष्कर्ष रूदरफोर्ड यांनी १९११ मध्ये मांडला. सोन्याचे केंद्रक हरभऱ्याएवढे धरले, तर त्याचा अणू क्रिकेटच्या मैदानाएवढा होतो.

आणि आता हेन्री मोजले. या सगळ्या कथेत मला सर्वांत जवळचा वाटतो तो हा तरुण. केंद्रकावरचा प्रभार म्हणजेच सारणीतला क्रमांक असेल, अशी कल्पना व्हान डेन ब्रुक या डच अभ्यासकाने मांडली होती. १९१३ मध्ये मोजले यांनी ती तपासायला घेतली. काचेच्या निर्वात नळीत छोट्या गाड्यांवर धातूंचे नमुने ठेवलेले, रेशमी दोऱ्याने ओढून एकेक नमुना इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यासमोर आणायचा, आणि त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांची छायाचित्रे घ्यायची. कॅल्शियमपासून जस्तापर्यंतची छायाचित्रे एकाखाली एक लावली, तर रेषा पायरीपायरीने सरकताना दिसतात. कंपनसंख्येचे वर्गमूळ प्रत्येक मूलद्रव्यामागे सारख्या अंतराने वाढत होते. कॅल्शियम २०, टायटॅनियम २२, लोखंड २६, कोबाल्ट २७, निकेल २८. मधल्या २१ क्रमांकाच्या स्कँडियमचा नमुना हाताशी नव्हता, म्हणून छायाचित्रांच्या जिन्यात एक पायरी मोकळी दिसते. कोबाल्ट आणि निकेल यांचा तंटा मिटला. जस्ताचा नमुना म्हणून मोजले यांनी पितळ वापरले होते, आणि पितळेच्या छायाचित्रात तांब्याच्या रेषा आणि जस्ताच्या रेषा, दोन्ही शेजारी शेजारी उमटल्या आहेत.

त्या पितळेच्या पट्टीकडे नीट पाहिले की आपण पहिल्या जागेवर पोहोचतो. क्ष-किरण सांगतात की इथे २९ क्रमांकाचे आणि ३० क्रमांकाचे अणू आहेत. ते अणू एकमेकांत नुसते मिसळलेत की ठरावीक प्रमाणात बांधले गेलेत, हे त्या रेषा सांगत नाहीत. कोणत्याही संयुगातही त्या जवळपास त्याच जागी पडतात. कारण त्या अणूच्या खोल आतल्या इलेक्ट्रॉनांपासून येतात, आणि आतले इलेक्ट्रॉन फक्त केंद्रकाचा प्रभार जुमानतात. मूलद्रव्याची ओळख म्हणजे केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या, अणुअंक. लाव्होझिए यांच्या व्याख्येत ‘अजून फुटलेले नाही’ ही अट होती. आता पदार्थ फोडून पाहण्याची गरज उरली नाही. हायड्रोजनपासून युरेनियमपर्यंत ९२ जागा आहेत, त्यांच्या मधोमध नवे काही घुसू शकत नाही, आणि कोणत्या जागा रिकाम्या आहेत हेही मोजता येते. ४३, ६१, ७२ आणि ७५ यांवर अजून कोणी बसलेले नाही, हे मोजले यांच्या कामातून निघाले. पुढे त्या चारही जागा भरल्या. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा मोजले सैन्यात गेले, आणि १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या लढाईत गोळी लागून मरण पावले. वय अवघे २७.

वजनांचा गोंधळ फ्रेडरिक सॉडी आणि फ्रान्सिस ॲस्टन यांच्या कामाने सुटला. प्रोटॉन तेवढेच, पण वजन वेगळे, असे भाऊबंद अणू असतात: समस्थानिके. क्लोरीनचे काही अणू ३५ वस्तुमानाचे, काही ३७ चे, साधारण तीनास एक या प्रमाणात, म्हणून सरासरी ३५.५. वजनातला हा फरक न्यूट्रॉनांमुळे पडतो, हे १९३२ मध्ये चॅडविक यांनी न्यूट्रॉन शोधल्यावर उघड झाले. एका मूलद्रव्याचे सगळे अणू सारखे असतात हे डाल्टन यांचे गृहीतक इथे ढळले, पण रसायनशास्त्राला त्याचा धक्का बसला नाही. आज सारणीत ११८ मूलद्रव्ये आहेत. शेवटचे ओगानेसॉन रशियातल्या दुब्ना येथे कॅलिफोर्नियमवर कॅल्शियमच्या केंद्रकांचा मारा करून घडवले गेले: ९८ आणि २० मिळून ११८. त्याचे मोजके अणूच आजवर तयार झाले आणि ते एका मिलिसेकंदाच्या आत विरून गेले. बाटलीत भरण्यासारखे त्यात काहीच नाही. त्याला मूलद्रव्य म्हणतात ते प्रोटॉनांच्या हिशेबावर.

दुसरी जागा काठावरची. अणू जोडले कसे जातात, हे बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन ठरवतात. सोडियमची मांडणी २, ८, १. क्लोरीनची २, ८, ७. सोडियम तो एक सहज सोडते, क्लोरीनला एकच हवा असतो. पाण्यात टाकले की पेटणारा धातू आणि छातीत गेला तर जीव घेणारा वायू यांचे मीठ होते, ते या काठावरच्या एका इलेक्ट्रॉनमुळे. लिथियम, सोडियम, पोटॅशियम एका कुटुंबातले का, हेलियम, निऑन, अरगॉन कोणाशी सहसा का जोडले जात नाहीत, आणि संयुजा म्हणजे काय, या सगळ्यांची उत्तरे या काठावर आहेत. मेंडेलीव्ह यांना गुणधर्म पुन्हा येताना दिसत होते, ते बाहेरची मांडणी पुन्हा येत होती म्हणून.

इथे शाळेच्या पुस्तकाशी दोन शब्द भांडावेसे वाटतात. संयुगाचा सर्वांत लहान कण म्हणजे रेणू, असे आपण पाठ करतो. पाण्याला ते लागू आहे. मिठाला नाही. मिठाच्या खड्यात सोडियमचा प्रत्येक आयन सहा क्लोराइड आयनांनी वेढलेला असतो, प्रत्येक क्लोराइड सहा सोडियमांनी, आणि कोणता कोणाचा जोडीदार हे सांगताच येत नाही. मिठात रेणू नसतो. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांनी ही रचना उलगडली, तेव्हा ज्येष्ठ रसायनशास्त्रज्ञांनाही ती पचायला जड गेली. दुसरी गोष्ट फळ्यावरच्या वर्तुळांची. कॅल्शियमपर्यंत, म्हणजे २, ८, ८, २ पर्यंत, ती व्यवस्थित चालतात. स्कँडियमपासून नवा इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचात न जाता आतल्या कवचात भरू लागतो. शाळेतली यादी विसाव्या मूलद्रव्यावर थांबते ती याच कारणाने, आणि ते कारण मुलांना सांगायला हरकत नसावी.

काठ कसा वागतो हे परिस्थितीवर अवलंबून असते, म्हणून काठावर उभ्या राहिलेल्या वर्गवाऱ्या केंद्रकाच्या वर्गवारीइतक्या कडक नाहीत. लोखंडाचे एक साधे ऑक्साइड घ्या. पुस्तकात त्यात लोखंड आणि ऑक्सिजन एकास एक असतात. प्रत्यक्षात त्या स्फटिकात लोखंडाच्या काही जागा रिकाम्या राहतात, आणि ऑक्सिजनच्या शंभर अणूंमागे लोखंडाचे साधारण पंचाण्णवच असतात. तेही स्थिर नाही, तापमानाप्रमाणे बदलते. असे पदार्थ विसाव्या शतकात बरेच सापडले, आणि शास्त्रज्ञांनी त्यांना वाद हरलेल्या बर्थोले यांचेच नाव दिले: बर्थोलाइड.

धातू आणि अधातू यांच्यामधली रेषाही अशीच आहे. सिलिकॉन आणि जर्मेनियम तिच्यावर बसलेले म्हणून धातुसदृश. पण कथील पाहा. केंद्रकात ५० प्रोटॉन, यात बदल नाही. कल्हईत दिसते ते पांढरे कथील चकाकते, पसरते, वीज वाहते, म्हणजे सर्व अर्थांनी धातू. १३ अंश सेल्सियसच्या खाली त्याचे दुसरे रूप अधिक स्थिर असते. त्यात अणू हिऱ्यातल्या कार्बनसारखे मांडलेले असतात, प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांशी घट्ट बांधलेला. ते रूप करडे, ठिसूळ आणि अर्धवाहक असते, आणि धातूसारखे ठोकले तर त्याची भुकटी होते. हा बदल सावकाश होतो आणि त्याला दीर्घकाळची कडक थंडी लागते, त्यामुळे आपल्याकडच्या भांड्यांत तो अनुभवाला येत नाही. उत्तर युरोपातल्या थंड चर्चमधल्या ऑर्गनच्या कथलाच्या नळ्यांवर मात्र करडे फोड येऊन त्या झडत. लोकांना तो धातूला जडलेला रोग वाटे. शाळेच्या सारणीत कथील धातूंच्या रकान्यात आहे, आणि नेहमीच्या तापमानाला ते तिथेच असायला हवे.